टोकन नसतानाही फिरणारी मोटर: मुलांच्या राइडमधील सॉलिड स्टेट रिलेची तपासणी

टोकन टाकले की घोडा किंवा मोटारगाडी तीन मिनिटे डुलते आणि आपोआप थांबते, अशा मुलांच्या राइड मी पंधरा वर्षे दुरुस्त करतो आहे. मॉलमधले खेळघर असो, गावची जत्रा असो की किनाऱ्यावरचे हॉटेल, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्रारी एकाच सुट्या भागापाशी येऊन ठेपतात. तो भाग म्हणजे मोटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. आम्ही कारागीर त्याला नुसते एसएसआर म्हणतो. तो बदलणे दहा मिनिटांचे काम आहे, परंतु कारण न शोधता बदललेला एसएसआर काही आठवड्यांत पुन्हा जातो, आणि जाताना तो बहुतेक वेळा मोटर बंद करून नव्हे, तर चालू ठेवून जातो. यंत्रावर चार वर्षांचे मूल बसलेले असते, म्हणून ही गोष्ट हलकी समजू नये.

यंत्रातील क्रम आधी समजून घ्यावा, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळते. टोकन ते तपासून घेणाऱ्या कॉइन अ‍ॅक्सेप्टरमधून खाली पडताना तो टायमर बोर्डाला एक छोटा विद्युत इशारा देतो. हा इशारा साधारण 30 ते 100 मिलिसेकंदांचा असतो. बोर्ड तो मोजतो आणि ठरलेला वेळ एसएसआरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या टोकांवर 12 व्होल्ट डीसी देत राहतो. त्यामुळे एसएसआरच्या आत एक लहान एलईडी पेटतो, त्याचा प्रकाश समोरच्या संवेदी भागावर पडतो, आणि 1 व 2 क्रमांकाच्या टोकांमधला थायरिस्टरची, म्हणजे इशारा मिळाल्यावरच वीज जाऊ देणाऱ्या सिलिकॉनच्या स्विचांची, जोडी वाहू लागून 230 व्होल्टची फेज मोटरपर्यंत पोहोचते. बोर्ड आणि मोटर यांच्यात तारेचा संबंध नसतो, फक्त प्रकाशाचा असतो. धातूचे पॉइंट जोडून-तोडून चालणाऱ्या साध्या रिलेमध्ये प्रत्येक वेळी ठिणगी पडते, पॉइंट झिजतात, कधी चिकटतात, आणि त्या ठिणगीच्या धक्क्याने टायमर बोर्ड मध्येच रीसेट होतो. दिवसाला दोनशे वेळा चालू-बंद होणाऱ्या यंत्रात एसएसआर वापरतात तो याच कारणाने. त्यात हलणारा भाग नसतो, व्होल्टेज शून्याजवळ असताना तो सुरू होतो आणि प्रवाह शून्यावर आला की बंद होतो.

लक्षणे

पहिले लक्षण सर्वांत ठळक असते. प्लग लावताच टोकन न टाकता मोटर फिरू लागते, किंवा वेळ संपून गाणे आणि दिवे बंद झाले तरी घोडा डुलतच राहतो. अशा वेळी एसएसआर आतून शॉर्ट, म्हणजे कायमचा जोडला गेलेला असतो किंवा बोर्डाकडून येणारा इशाराच बंद झालेला नसतो. या दोन शक्यता वेगळ्या करण्याची सोपी रीत पुढे दिली आहे.

दुसरे लक्षण फसवे आहे आणि त्याचे दोन प्रकार आहेत. टोकन टाकल्यावर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि तापते, हा एक प्रकार. टोकन टाकल्यावर राइड व्यवस्थित चालते, परंतु वेळ संपून थांबल्यावर मोटर गुणगुणत आणि तापत राहते, हा दुसरा. एसएसआरमध्ये एसीच्या दोन अर्ध्या लहरींसाठी दोन थायरिस्टर असतात. त्यांपैकी एक उघडा पडला, म्हणजे वीज जाऊच देईनासा झाला, तर पहिला प्रकार दिसतो, एकच शॉर्ट झाला तर दुसरा. दोन्ही प्रकारांत मोटरला अर्धी लहर मिळते, म्हणजे प्रत्यक्षात डीसीचा मोठा अंश मिळतो, आणि इंडक्शन मोटर डीसीवर फिरत नाही, नुसती जळते. अशी गुणगुण ऐकू आली की आधी प्लग काढावा, विचार नंतर करावा.

याखेरीज टोकन घेतले जाते, गाणे लागते, पण मोटर गप्प राहते, अशी तक्रार येते. सकाळी ठीक चालणारी राइड दुपारी बंद पडून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, अशीही येते; तिचे मूळ बहुतेक वेळा उष्णतेत असते.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही. मोटर थांबलेली असताना तिच्या वायरवर टेस्टर पेटतो किंवा मोटर सोडवून ठेवल्यावर मल्टिमीटर तिथे 200 व्होल्टच्या पुढे आकडा दाखवतो, हे पाहून लोक चांगले एसएसआर फेकून देतात. एसएसआर बंद असतानाही त्याच्यातून काही मिलिअँपिअर प्रवाह गळतो, कारण झटके शोषण्यासाठी आत रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी समांतर बसवलेली असते. मोटर जोडलेली असली की तो आकडा खाली येतो. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की बंद एसएसआर हा स्विच काढल्यासारखा नसतो. मोटरच्या वायरला हात लावण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेलाच असला पाहिजे.

बिनखर्चाच्या तपासण्या

प्लग काढून प्रथम राइड हाताने हलवून पाहावी. गिअरबॉक्स वर्म (मळसूत्री दात असलेल्या) प्रकारचा असेल तर घोड्याकडून तो हलणारच नाही, म्हणून मोटरच्या मागचे जाळीदार झाकण काढून पंखा बोटांनी फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे. मी गिअरमधून टोकन, प्लास्टिकची खेळणी आणि एकदा मुलाचा संपूर्ण मोजा काढला आहे. ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण असे की अडकलेली मोटर सुरू होतानाचा प्रवाह सतत ओढत राहते. अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना सुमारे 4 अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे 20 अँपिअरच्या पुढे. एरवी हा प्रवाह क्षणभराचा असतो. मोटर अडकली की तो क्षण संपत नाही आणि एसएसआर त्यातच जातो. अशा यंत्रात नवा एसएसआर घालणे म्हणजे तोही जाळणे होय.

त्यानंतर एसएसआरवरचा छोटा लाल दिवा पाहावा. टोकन न टाकता तो पेटलेला असेल, तर दोष एसएसआरच्या अलीकडे, म्हणजे बोर्डात किंवा कॉइन अ‍ॅक्सेप्टरमध्ये आहे. तो विझलेला असूनही मोटर फिरत असेल, तर एसएसआर शॉर्ट आहे. खात्री करण्यासाठी प्लग काढून 3 क्रमांकाची वायर सोडवावी, तिच्या टोकाला टेप लावावी आणि प्लग पुन्हा लावावा. मोटर तरीही फिरली तर निकाल लागला. माझ्या मते संपूर्ण तपासणीत याहून उपयुक्त पायरी नाही, आणि तिला एक स्क्रू ड्रायव्हर आणि टेप यांशिवाय काहीही लागत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की तो लाल दिवा फक्त आलेल्या इशाऱ्याची साक्ष देतो. दिवा पेटला म्हणजे पुढे मोटरला वीज गेलीच, असे होत नाही.

दिवा विनाकारण पेटत असेल तर कॉइन अ‍ॅक्सेप्टर उघडावा. वाकडे टोकन अडकलेले असते, जुन्या प्रकारात मायक्रोस्विचची तार दबून राहिलेली असते, किंवा तुलनेसाठी आत ठेवलेले नमुन्याचे टोकन आपल्या खाचेतून सरकलेले असते. अ‍ॅक्सेप्टरच्या मागे नॉर्मली ओपन (एरवी तुटलेला) आणि नॉर्मली क्लोज (एरवी जोडलेला) असा छोटा सरकता स्विच असतो; सफाई करताना तो चुकून सरकला तर बोर्डाला सतत टोकन पडत असल्याचा भास होतो. टोकनचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. तेल कधीही घालू नये, कारण त्यावर धूळ चिकटून महिन्याभरात मार्ग पुन्हा अडतो.

शेवटी प्लग काढलेला असताना एसएसआरचे चारही स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे. सैल स्क्रूपाशी वायरचे आवरण तपकिरी होऊन कडक झालेले असते आणि तिथली उष्णता थेट एसएसआरच्या आत जाते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात टोकांवर हिरवट थर चढतो. तो खरवडून वायरला नवी लग (धातूचे टोक) लावावी.

मल्टिमीटर लागणाऱ्या तपासण्या

मल्टिमीटर डीसीवर ठेवून 3 आणि 4 या टोकांमधला व्होल्टेज मोजावा. टोकन टाकल्यावर तो 12 च्या आसपास आणि वेळ संपल्यावर शून्य असावा. बहुतेक एसएसआर 3 ते 32 व्होल्टवर चालतात आणि 1 व्होल्टच्या खाली बंद होतात. याचा अर्थ असा की बोर्डावरचा ट्रान्झिस्टर गळका होऊन दीड-दोन व्होल्ट मागे राहिले, तर एसएसआर धड चालू नाही आणि धड बंद नाही अशा अवस्थेत जाऊ शकतो. अशा वेळी दोष बोर्डाचा असतो. टोकन टाकल्यावर व्होल्टेज 12 वरून कोसळत असेल, तर 12 व्होल्टच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पाहावेत. त्यांचे माथे फुगलेले असतील तर सप्लाय बदलावा.

मोटर गुणगुणत असेल आणि एसएसआरबद्दल शंका नसेल, तर मोटरचा कंडेन्सर, म्हणजे तिला सुरू होण्यास मदत करणारा कपॅसिटर, तपासावा. त्यात प्लग काढल्यावरही झटका देण्याइतका भार राहू शकतो, म्हणून दोन्ही टोकांमध्ये रेझिस्टर धरून तो आधी रिकामा करावा. त्यानंतर मीटरवर मायक्रोफॅरड मोजून वर छापलेल्या आकड्याशी ताडावे. मोजमाप छापील मर्यादेच्या खाली असेल तर कंडेन्सर बदलावा. तो एसएसआरपेक्षा स्वस्त असतो आणि मी पाहिलेल्या गुणगुणणाऱ्या मोटरींपैकी कितीतरी त्यावरच सुटल्या आहेत.

सिरीज दिव्याची चाचणी

एसएसआर काढून टेबलावर घेतला की मी पहिल्यांदा 1 आणि 2 या टोकांमध्ये रेझिस्टन्स मोजतो. तो शून्याजवळ आला तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. तो मोठा आला तरी एसएसआर चांगला ठरत नाही, म्हणून सिरीज दिव्याची चाचणी घेतो. 60 वॅटचा तारेचा जुना पिवळा बल्ब होल्डरमध्ये लावतो. फेज बल्बमधून 1 क्रमांकाला आणि 2 क्रमांकापासून न्यूट्रल, अशी जोडणी करतो. 9 व्होल्टच्या बॅटरीची धन बाजू 3 ला आणि ऋण बाजू 4 ला लावायची असते, पण ती आधी लावत नाही. वीज सुरू केल्यावर बल्ब पूर्ण काळा राहिला पाहिजे. मग बॅटरी जोडली की तो लगेच पूर्ण तेजाने पेटला पाहिजे आणि काढली की विझला पाहिजे. बॅटरीशिवाय पेटला तर एसएसआर शॉर्ट आहे. मंद आणि थरथरत पेटला, म्हणजे डोळ्याला त्याची फडफड जाणवली, तर एकच थायरिस्टर काम करतो आहे.

इथे एलईडी बल्ब चालत नाही. तो गळक्या प्रवाहावरही मिणमिणतो आणि अर्ध्या लहरीची थरथर लपवतो. या चाचणीत एसएसआरची टोके उघडी आणि जिवंत असतात, त्यामुळे ज्याला 230 व्होल्टवर उघड्या जोडणीने काम करण्याचा सराव नाही त्याने ती करू नये. दुकानदार किंवा इलेक्ट्रिशियन ती दोन मिनिटांत करून देतो. चाचणीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. हा बल्ब जेमतेम पाव अँपिअर घेतो आणि त्यात एसएसआर तापत नाही, म्हणून तापल्यावरच बिघडणारा एसएसआर या चाचणीत निर्दोष सुटतो. दुपारी बंद पडणाऱ्या राइडमध्ये मी चाचणीवर विसंबत नाही, तो भाग बदलूनच पाहतो.

एसएसआर पुन्हा पुन्हा का जातो

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या एका खेळघरात तीन घोड्यांचा छोटा मेरी-गो-राउंड होता. त्याचा एसएसआर एका उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेला तेव्हा मला बोलावले. खालचे झाकण काढल्यावर एसएसआर प्लायवूडच्या फळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला दिसला. तो काढला तर फळीवर त्याच्याच आकाराचा तपकिरी चौकोन जळलेला होता, कडा काळ्या आणि मध्यभाग फिकट. कारण त्या चौकोनातच होते. चालू असताना एसएसआरवर 1 ते दीड व्होल्ट पडतो, म्हणजे 4 अँपिअरला 4 ते 6 वॅट उष्णता तयार होते. एसएसआरची खालची धातूची पाटी ही उष्णता बाहेर काढण्यासाठीच असते. लाकडाला ती पाटी टेकवली की उष्णता जाणार कुठे? त्यात भर म्हणजे ते सगळे राइडच्या फायबरच्या बंद पोटात, मे महिन्यात. मी ॲल्युमिनियमचा पंख असलेला, उष्णता हवेत सोडणारा हीट सिंक लावला, मध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टचा पातळ थर दिला आणि फायबरला मागच्या बाजूने हवा खेळण्यासाठी जाळी बसवली. तो एसएसआर पुढचे दोन उन्हाळे चालल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

पेस्टबद्दल सांगायचे तर थर जाड असू नये. ती धातूंमधली हवा भरून काढण्यापुरती असते, जाड थर उलट उष्णता अडवतो.

दुसरे कारण आकड्यांचे. मोटर 4 अँपिअरची आहे म्हणून 5 किंवा 10 अँपिअरचा एसएसआर पुरेल, असे मानणे चुकीचे आहे. सुरुवातीचा पाच-सहा पट प्रवाह आणि बंद पोटातली उष्णता धरून मी अशा मोटरला 25 अँपिअरचा, शक्य असेल तर 40 चा लावतो आणि तोही हीट सिंकसकट. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) एसएसआरला वाचवत नाही, कारण शॉर्ट झाल्यावर सिलिकॉन एमसीबीच्या आधी जाते. एमसीबी वायरिंगसाठी असते.

तिसरे कारण व्होल्टेजचे झटके. मोटरची गुंडाळी आणि जत्रेतल्या जनरेटरची वीज हे दोन्ही झटके पाठवतात. त्यासाठी एसएसआरच्या 1 आणि 2 टोकांवर 275 व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) समांतर लावावा. किंमत किरकोळ आहे आणि तो न लावण्याचे समर्थन करता येत नाही. जी मोटर दोन्ही दिशांना फिरते आणि जिला दोन एसएसआर असतात, तिथे कंडेन्सरमुळे बंद असलेल्या एसएसआरवर मुख्य व्होल्टेजच्या दुपटीपर्यंत ताण येतो. तिथे 480 व्होल्ट श्रेणीचा एसएसआर घ्यावा, त्याच्या जोडीला तशाच वरच्या श्रेणीचा व्हॅरिस्टर लावावा, आणि एक बंद झाल्यावर दुसरा सुरू होण्यात बोर्डाने थोडा वेळ सोडलेला आहे ना, हे पाहावे.

चौथे कारण निव्वळ चुकीच्या खरेदीचे आहे. नावाच्या शेवटी डीए असलेला एसएसआर डीसी इशाऱ्यावर एसी लोड चालवतो, डीडी असलेला डीसी लोड चालवतो. बक्षीस उचलणाऱ्या क्रेनच्या यंत्रांत बहुधा 24 व्होल्ट डीसी मोटर असतात. तिथे डीए लावला तर मोटर सुरू होते आणि बंदच होत नाही, कारण थायरिस्टर प्रवाह शून्यावर आल्याशिवाय सुटत नाही आणि डीसी स्वतःहून शून्यावर येत नाही. एसएसआर नवाकोरा असतो, तरीही तो शॉर्ट झाल्यासारखा वागतो. डीडी लावताना मोटरवर उलटा डायोडही (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) द्यावा.

थांबवण्याची दुसरी सोय

एसएसआर चालू अवस्थेत मरतो हे एकदा मान्य केले की पुढची गोष्ट ओघाने येते: राइड थांबवण्याचे काम फक्त एसएसआरवर सोडता येत नाही. दाबल्यावर मोटरची फेज प्रत्यक्ष तोडणारे, खटक्याने अडकून राहणारे लाल बटण राइडजवळ मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर असले पाहिजे. मी अशा कितीतरी राइड पाहिल्या आहेत ज्यांत हे बटण आहे, पण ते टायमर बोर्डाला जोडलेले आहे. बोर्ड एसएसआरचा इशारा बंद करतो, शॉर्ट झालेला एसएसआर मात्र ऐकत नाही आणि मूल डुलतच राहते. ते बटण मोटरच्या वाटेत, एसएसआरच्या आधी असावे, किंवा त्याने एक काँटॅक्टर (मोठा चुंबकीय स्विच) पाडावा. एसएसआर फेजमध्ये आहे, न्यूट्रलमध्ये नाही, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. तो न्यूट्रलमध्ये असेल तर राइड थांबलेली असतानाही मोटरमध्ये फेज उभी असते.

कुठे थांबावे

राइडला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत असेल, मोटरला जळका वास येत असेल किंवा पोटात पाणी शिरले असेल, तर वर सांगितलेले काहीही करू नये. प्लग काढून राइडवर कापड बांधावे आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर राइड चालवायची असेल तरीही आधी त्यालाच बोलवावे, आणि त्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. लाल बटणाची जोडणी बदलणेही त्याचेच काम आहे. नवा एसएसआर योग्य आकड्याचा, हीट सिंकवर आणि व्हॅरिस्टरसह लावूनही महिन्याच्या आत गेला, तर तिसरा आणू नये. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी. तो मेगर नावाचे उच्च व्होल्टेजचे मीटर लावून गुंडाळीचे इन्सुलेशन मोजेल. मेगर राइडमध्ये जागेवरच लावायचा असेल तर मोटर एसएसआरपासून पूर्ण सोडवलेली असली पाहिजे, नाहीतर 500 व्होल्ट उलट दिशेने जाऊन एसएसआरची आणि बोर्डाची हानी करतात. पायाच्या वेल्डिंगला चीर दिसली तर विजेचा विचार बाजूला ठेवून आधी फॅब्रिकेटरला दाखवावे.

दुरुस्तीनंतर मी घोड्यावर मुलाऐवजी वाळूची पोती ठेवतो, वायरभोवती धरून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून अर्धा तास राइड चालवतो आणि त्यात वीसेक वेळा टोकन टाकतो. प्रवाह मोटरच्या पाटीवरच्या आकड्याच्या आत राहिला पाहिजे. मग प्लग काढून हीट सिंकला हात लावतो. तो हात टेकवून ठेवता येईल इतपतच गरम असावा. त्यानंतर 3 आणि 4 या टोकांना बॅटरी लावून एसएसआर मुद्दाम चालू ठेवतो, प्लग लावतो आणि राइड डुलत असताना मालकाला लाल बटण दाबायला सांगतो. घोडा थांबला तरच पोती खाली उतरवतो आणि हीट सिंकवर मार्करने तारीख लिहितो.